खालची फूट

लग्नाला तीन वर्षं झाली तरी गल्लीत सगळे तिला ‘नवी’च म्हणत. घरात आणलेलं भांडंसुद्धा इतके दिवस नवं राहत नाही. पण ही चष्मेवाल्याची नवी, म्हणजे आधी एक होती, हे लोकांना दर वेळी न बोलता बोलायचं असे. दुकानात, दवाखान्यात, सावत्र लेक चिमणीच्या शाळेत. नवी वरवर हसायची आणि घरी येऊन शिवणयंत्राचं पायडल जरा जास्तच जोरात दामटायची.

ती कपड्यांची दुरुस्ती करायची. कुणाचा कोट उसवून सैल कर, कुणाच्या थोरल्या बहिणीचा झगा धाकटीला बसेल असा आत घे. दुसऱ्याच्या मापाचं बेतून घेण्यात तिचा हातखंडा होता. या घरात मात्र ती विद्या चालेना. मशीन ठेवण्याजोगी उजेडाची जागा एकच, स्वयंपाकघरातली मोठी खिडकी, आणि त्या खिडकीवर आधीचीचा गुलाब बसला होता.

बसला होता म्हणजे खरोखरच ठाण मांडून बसला होता. मागच्या भिंतीवरून चढत त्याने खिडकीचा वरचा अर्धा भाग कधीच गिळला होता आणि आता खालच्या अर्ध्यावर त्याचा डोळा होता. भर दुपारी दिवा लावल्याशिवाय सुईत दोरा ओवता येत नसे. जरा वारा सुटला की काटेरी फांद्या काचेवर टकटक करत. बाहेर कुणी ताटकळत उभं आहे आणि आत घ्या म्हणतंय, अशी ती टकटक. पहिल्या वर्षी तर नवी दोनदा उठून दार उघडून आली होती.

त्या गुलाबाची गोष्ट चिमणीच्या आत्याने तिला पहिल्याच आठवड्यात ऐकवली होती. “ती होती तोवर केशरी फुलायचा गं, पिकल्या जर्दाळूसारखा. ती गेली आणि त्याच साली झाडाने रंग टाकला. पांढरं फटक! डोळ्यादेखत. आता बोल.” नवी काय बोलणार? फुलं खरंच पांढरी होती, बारीक बारीक, झुपक्यांनी यायची, वर्षातून एकदाच, आणि त्यांना कसलाही वास नव्हता. चष्मेवाल्याने बायको गेली त्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं की त्या झाडाला कुणी कात्री लावायची नाही. बागेची कात्री त्याने दुकानातल्या खणात कुलपात ठेवली. लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढणाऱ्या या माणसाला स्वतःच्या स्वयंपाकघरातला अंधार काही दिसला नाही.

टकटकीची सवय झाली असती एक वेळ. पण आणखी दोन गोष्टी होत्या.

एक म्हणजे चिमणी. बारा वर्षांची पोर. ती नवीशी कधी उद्धटपणे बोलली नाही आणि कधी मोकळेपणानेही बोलली नाही. “तुम्ही जेवलात का?” “तुमची सुई पडलीय.” सावत्र मुलीने आदळआपट करावी, दार आपटावं, म्हणजे निदान काहीतरी चाललंय असं वाटतं. हे शेजारणीशी वागावं तसं सभ्य वागणं नवीला फार टोचायचं. आणि रोज तिन्हीसांजेला ही पोर मागच्या अंगणात जाऊन गुलाबाशी उभी राहायची. तोंड फांद्यांजवळ नेऊन पुटपुटायची. काचेतून ओठ हलताना दिसायचे, शब्द ऐकू यायचे नाहीत. आपल्याच चुगल्या सांगत असणार, असं नवीने धरून ठेवलं होतं.

दुसरी गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. शिवत असताना मधूनच वास यायचा. पिकून घमघमणाऱ्या फळाचा गोड वास, मागून चहाच्या पत्तीसारखा थोडा तुरट. पहिल्यांदा आला तेव्हा तिने फळांची टोपली उपसली. मग कपाटामागे पाहिलं, मोरीत पाहिलं. कुठेही काही नव्हतं. पुढे तो वारंवार येऊ लागला, खिडक्या बंद असताना, टोपली रिकामी असताना. आला की नवीच्या मानेवर काटा यायचा आणि ती मागे न बघता शिवत राहायची.

शेवटी एका सकाळी तिने नवऱ्यापाशी विषय काढलाच. “अहो, नुसता खिडकीपुरता छाटू या ना. मला दिसत नाही हो शिवताना.”

चष्मेवाल्याने चहाचा कप खाली ठेवला. “ते झाड सोडून काय हवं ते माग,” तो म्हणाला. मग बायकोचं तोंड उतरलेलं पाहून त्यालाच ओशाळल्यासारखं झालं. “असं कर, फाटकावर मी कमान बसवून देतो. तुला आवडेल तो वेलगुलाब आण तिथे. तुझा स्वतःचा.”

तुझा स्वतःचा. नवीला त्या दोन शब्दांचा आनंद झाला आणि एवढ्याशावर आनंद होतो याचा रागही आला. पण आठवड्याभरात लोखंडी कमान आली, आणि एका दुपारी ती गुलाब निवडायला नर्सरीत गेली.

नर्सरीवाल्या बाई चांगल्याच ऐसपैस होत्या आणि बोलायला त्याहून ऐसपैस. नवी कुणाची कोण, हे त्यांनी फाटकातच ओळखलं. “हा चष्मा तुमच्याच मिस्टरांचा. नाकावरून घसरतो, सांगा त्यांना. काय बघायचंय?”

“वेलगुलाब. कमानीवर चढवायला.”

“ऊन किती वेळ असतं? आणि लांबून बघायचाय, की येता-जाता नाक खुपसायचंय?”

नवीने असा विचारच केला नव्हता. बांबूला बांधलेले गुलाब रांगेने उभे होते आणि बाई एकेकाची ओळख करून देत होत्या. हा लाल, रस्त्याच्या टोकावरून दिसेल, पण वासाच्या नावाने शून्य. हा गुलाबी, काटे जवळजवळ नाहीत, फाटकाला उत्तम, पाहुण्यांच्या बाह्या फाटणार नाहीत. हा वर्षातून एकदाच फुलतो पण असा फुलतो की पान दिसत नाही. हा पिवळा दिसायला गरीब, पण दोन वर्षांत तुमचं छप्पर गाठेल. नवी प्रत्येकापाशी थांबत होती, फाटकावर तो कसा दिसेल ते डोळ्यांसमोर आणत होती. लाल पसंत पडत आला होता.

आणि तेवढ्यात तो वास आला.

भर उन्हात तिच्या अंगावर सरसरून काटा आला. तोच वास. पिकलं फळ, मागून चहाची पत्ती. ती वळली. रांगेच्या शेवटी एक बेताच्या उंचीचा गुलाब होता, कोवळी पानं तांब्याच्या रंगाची, आणि त्यावर दोनच फुलं, केशरी. नवी त्याच्यापाशी जाऊन वाकली आणि तशीच राहिली.

मागून बाई हसल्या. “बघा! इतक्या झाडांतून तुमचाही हात त्यावरच गेला. तुमच्या आधीच्या होत्या ना, त्यांनीही हाच नेला होता.”

“आमच्याकडे आहे तो पांढरा आहे,” नवी म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

“पांढरा? त्यांना पांढरा मी दिलाच नव्हता.”

“आधी केशरीच होता. त्या गेल्यावर पांढरा झाला. वासही नाही त्याला.”

बाईंनी घसरलेला चष्मा वर ढकलला. “बारीक फुलं? झुपक्याने येतात? एकदाच?”

नवीने मान हलवली.

“झाडं रंग नाही हो बदलत.” बाईंनी कुंडी तिरकी करून खोडाच्या बुडाशी असलेली जाड गाठ दाखवली. “हे कलम आहे. म्हणजे दोन झाडं. मुळं खाली रानगुलाबाची, चिवट असतात. वर डोळा, म्हणजे कोंब, बसवतात आपल्याला हव्या त्या गुलाबाचा. गाठीच्या वर फुटेल ते आपलं. गाठीच्या खालून फुटेल ते रानट्याचं. ती खालची फूट येतच राहते, ती सारखी कापत राहावी लागते. नाहीतर तो सगळं अन्न आपणच खातो आणि वरच्याला उपाशी मारतो. त्या बाईंना हे पक्कं ठाऊक होतं. कात्री खिशात घेऊनच फिरायच्या.”

“वर्ष-दीड वर्ष अंथरुणाला खिळून होत्या,” नवी सावकाश म्हणाली. “आणि त्यानंतर झाडाला कुणी कात्री लावायची नाही, असं ठरलं.”

बाईंनी कुंडी सरळ करून ठेवली. “म्हणजे माया करून मारलं की हो,” त्या म्हणाल्या. “तुमचा गुलाब गेला आणि त्याच्या जागी खालचा येऊन बसला.”

बोलणाऱ्याच्या मनात काही नव्हतं. पण दुसऱ्याच्या जागी येऊन बसणं काय असतं ते नवीला चांगलंच माहीत होतं, आणि ते वाक्य तिला वर्मी लागलं. केशरी गुलाब बांधून देऊ का, असं बाईंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, “आज नको. आधी घरी जाऊन बघते, आमचा जिवंत आहे का.”

घरी येताना मात्र तिच्या मनात काही चांगलं नव्हतं, ते कशाला लपवायचं? हातात हुकमाचं पान आलं होतं. आज रात्री जेवताना ती सांगणार होती. तुम्ही ज्याला हात लावू देत नाही, ते तिचं झाड नाहीच मुळी. तिचं झाड तुम्हीच मारलंत, या तुमच्या हातांनी. ती वाक्यं घोकत होती, जास्तीत जास्त लागतील अशी बेतत होती.

बाजूच्या बोळातून ती मागच्या अंगणात शिरली. ऊन कलायला लागलं होतं. चिमणी शाळेतून येऊन आज लवकरच गुलाबाशी उभी होती, पाठ इकडे. आणि आज मध्ये काच नव्हती.

“आई, मी कापणार होते गं,” चिमणी सांगत होती. “खरंच कापणार होते. मी कात्री घेतली होती, बाबांनी ओढून घेतली. आता सोड ना राग. किती वर्षं रागावणार? परत केशरी हो ना.”

नवीची घोकलेली वाक्यं होती तिथेच विरली. चुगल्या! तीन वर्षं हे पोर माफी मागत होतं आणि ही आत बसून स्वतःचं नाव ऐकत होती. तिला स्वतःची अशी लाज वाटली की ती पुढे होऊन सरळ खाली बसली, चिमणीच्या पायाशी, मातीत.

चिमणी दचकली. “तुम्ही कधी आलात?”

“आई तुला काय सांगून गेली होती?”

उत्तर आलं ते एका दमात. “खालून जे येतं ते कापत जा म्हणाली होती. दर आठवड्याला. मी नाही करू शकणार आता, तू कर, नाहीतर झाड रागावतं. ती गेल्यावर मी कापायला गेले तर बाबा ओरडले. तिच्या झाडाला हात लावायचा नाही म्हणाले. मग ते पांढरं झालं.” तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. “आईच रागावली.”

“रागावलेली नाही. अगं, हे झाड तिचं नाहीच.” आणि नर्सरीत ऐकलेलं सगळं नवीने तिला सांगितलं, मुळं, गाठ, खालची फूट. शिवताना उलटी बाजू दाखवावी तसं, बोट ठेवून.

चिमणी ऐकत होती. “मग आईचा कुठाय?”

दोघी ओणव्या झाल्या. बुडाशी काटेरी खोडांचं जाळं झालं होतं. नवीने बाहीने हात गुंडाळून फांद्या बाजूला केल्या, वाळका पाला उपसला. गाठ सापडली. गाठीच्या वर काळी पडलेली, मेलेली खोडं होती. आणि त्यांच्या आडून, भिंतीला चिकटून, सुतळीएवढी एकच फांदी वर आली होती. टोकाला चार पानं. तांब्याच्या रंगाची.

ती चिमणीला अजून दिसली नव्हती. हे नवीच्या लक्षात आलं, आणि तो क्षण तिला पुढे कधी विसरता आला नाही. पाला परत सारला की झालं. गेला गं आईचा, म्हणायचं, पोरीला जवळ घ्यायचं, नवऱ्याला समजावून सगळंच मुळापासून काढायचं. खिडकी मोकळी, घर मोकळं. कुणाला कधी कळलं नसतं. वर काचेवर फांदी वाजली, टकटक, आणि वारा तर पडलेला होता.

“इकडे ये,” नवी म्हणाली. “डोकं इथे घाल. बघ.”

बागेची कात्री दुकानात कुलपात होती. नवी आत जाऊन आपली कापडाची कात्री घेऊन आली. ज्या कात्रीला कागदसुद्धा लावायचा नाही असा तिचा दंडक होता, ती तिने रानगुलाबाच्या लाकडात घातली. जाड खोडांना घरातली छोटी करवत. चिमणी ओढत होती, नवी कापत होती, दोघींचे हात रक्ताळले. पांढऱ्या गुलाबाच्या फांद्यांनी अंगण भरलं. खिडकीच्या काचेतून मशीन दिसायला लागलं. कात्रीची धार पार गेली, त्या कात्रीने पुन्हा कधी रेशीम कापलं नाही.

चष्मेवाला आला तेव्हा संध्याकाळ झाली होती. तो दारातच थबकला. अंगणभर फांद्या, उघडी भिंत, आणि बायकोच्या हातात कात्री.

“तीन वर्षं याचीच वाट बघत होतीस,” तो म्हणाला. ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. “तुला तिचं एवढंही बघवलं नाही.”

नवीकडे उत्तरं पुष्कळ होती. पण चिमणी मध्ये येऊन उभी राहिली होती.

“आईने मला कापायला सांगितलं होतं,” चिमणी म्हणाली. “ती अंथरुणात होती तेव्हा. मी कापायला गेले तर तुम्ही कात्री ओढून घेतलीत. आईचा गुलाब मरत होता, बाबा, आणि मी रोज त्याला सॉरी म्हणत होते.”

तिने त्याचा हात धरून त्याला भिंतीशी नेलं आणि खाली बसवलं. चष्मेवाल्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि अगदी नाक लावून पाहिलं. तांब्याच्या रंगाची चार पानं. मग त्याचे खांदे हलायला लागले. नवी आत गेली, कारण ते रडणं तिच्या वाट्याचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खिडकीच्या कट्ट्यावर बागेची कात्री ठेवलेली होती.

स्वयंपाकघरात उजेड आला. टकटक थांबली. आणि तो वासही थांबला, जणू कुणाचं काम झालं आणि ते निघून गेलं. नवीला हायसं वाटायला हवं होतं. पण शिवता शिवता ती मधूनच थांबायची, नाकाने हवा चाचपायची आणि तिला एकटं वाटायचं. जिची इतकी वर्षं भीती वाटली, तिच्यावाचून करमेना, हे सांगणार तरी कुणाला? फाटकावरची कमान तशीच रिकामी राहिली. चष्मेवाला दोनदा म्हणाला, “तुझा गुलाब आण ना.” आणते, म्हणाली आणि आणला नाही.

थंडी आली, गेली. सुतळीएवढी फांदी बोटाएवढी झाली, तिला दोन फाटे फुटले. पण ती अजून खिडकीच्या कट्ट्यापर्यंतही पोचली नव्हती.

एका सकाळी नवी एका कोटाला अस्तर लावत होती. खिडकी बंद होती. आणि वास आला. पिकलं फळ, मागून चहाची पत्ती. तिचे हात थांबले. मानेवर तोच जुना काटा. आणि मग काचेवर वाजलं, टकटक.

तिथे वाजायला फांदी नव्हती. हे तिला माहीत होतं. ती उठली, खिडकीच्या कडीवर हात ठेवून क्षणभर उभी राहिली, आणि तिने मनाशी म्हटलं, ये बाई, आत ये, घर तुझंच आहे. मग कडी काढली.

बाहेर चिमणी उभी होती, टाचा उंचावून, बोटाचं पेर अजून काचेच्या जागी.

“बाहेर ये ना लवकर,” ती कुजबुजली. “आलंय. बाबांना अजून नाही सांगितलं. आधी तू बघ.”

नवी तशीच बाहेर गेली, अंगठीत अडकलेल्या दोऱ्यासकट. एकच फूल होतं. केशरी. ती गुडघ्यांवर बसली आणि वाकून वास घेतला, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “हाच तो.”

“हाच म्हणजे?” चिमणी म्हणाली. “तू आलीस तेव्हापासून तर हे फुललंच नव्हतं. तुला कसा माहीत याचा वास?”

आता खोटं काय बोलणार? “मला घरात यायचा,” नवी म्हणाली. “शिवताना. खिडक्या बंद असल्या तरी यायचा. मी कुणाला सांगितलं नाही.”

चिमणी येऊन तिला खेटून बसली, इतकी की तिच्या काळजाची धडधड नवीच्या दंडाला लागली.

“मलाही यायचा,” ती म्हणाली. “मला वाटायचं, मला एकटीलाच येतो.”

गाठीच्या खालून एक हिरवा, जोमदार कोंब वर आला होता, बोटभर. चिमणीला तो आधी दिसला. तिने कट्ट्यावरची कात्री आणली आणि नवीच्या हातात दिली.

“तू धर,” ती म्हणाली. “मी फांदी बाजूला करते.”